लाल दगडांची सहल

“माणसं वाळवंटाला कंटाळून हिरवळीत जातात. तू वाळवंटातून उठून वाळवंटच बघायला निघालीस,” पोळीचा तुकडा मोडत राजन म्हणाला.

“ते वाळूचं नाही हो, दगडाचं आहे,” सुचित्रा म्हणाली. “लाल दगडाचं. नदीनं कापत कापत खाली नेलेलं.”

“दगड तर दगड! सह्याद्रीत काय कमी पडले होते?”

पण तो हसत बोलत होता आणि जायला ‘हो’ म्हणाला होता, एवढंच तिला पुरेसं होतं. कुवेतमध्ये आल्यापासून त्यांची प्रत्येक सुट्टी नाशिकच्या वाटेनं गेली होती. कधी सासऱ्यांचं आजारपण, कधी दिराच्या मुलीचं लग्न, कधी गळकी गच्ची. मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या रिफायनरीतून राजनला सुट्टी मिळायची मारामार, आणि मिळाली की ती आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेली असायची. आता लेक क्षितिजा लग्न होऊन अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला राहत होती, आणि झायन नि ब्राइस या लाल दगडांच्या दऱ्या तिच्या घरापासून गाडीनं काही तासांवर होत्या. ऑक्टोबरात लेकीकडे जायचं आणि मधले चार दिवस लेक, जावई प्रसाद नि हे दोघं मिळून दऱ्या बघून यायचं, असा बेत सुचित्रानं मांडला. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मांडलेला हा पहिलाच बेत होता.

पुण्यात तिनं जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं होतं. वर्गात मुली दोनच. त्यातल्या दुसरीला घरून परवानगी नव्हती, म्हणून शेवटच्या वर्षाच्या मोठ्या सहलीला सुचित्रालाही पाठवलं नाही. एकटी मुलगी कशी पाठवायची? निकाल लागायच्या आत लग्न ठरलं आणि ती कुवेतला आली. खिडकीतून पाहिलं तर तव्यासारखी सपाट जमीन. दगड शिकलेल्या बाईच्या वाट्याला वाळू आली होती. मग ती हिशेब शिकली आणि शुवैखमध्ये मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामावर अकाउंट्सला लागली. तिथंच तिचे केस पांढरे झाले.

या उन्हाळ्यात मात्र तिला शाळकरी पोरीसारखं झालं होतं. डबा खाऊन झाला की ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नकाशे उघडून बसायची. झायनच्या दरीत खासगी गाडी नेता येत नाही, पार्कच्याच बसनं फिरावं लागतं. तिथं नदीकाठानं जाणारी एक सपाट वाट होती, राजनच्या गुडघ्यांना झेपेल अशी. ब्राइसला पहाटे पाणी गोठतं, तेव्हा कानटोप्या लागणार. उतारांवरची झाडं त्या दिवसांत पिवळीजर्द होतात. आणि ब्राइसच्या अगदी कड्याजवळ लाकडी खोल्या होत्या. पायरी उतरून चार पावलं टाकली की समोर दरी. पण त्या वर्षभर आधीच भरतात. कुणी तरी रद्द करेल या आशेवर ती रोज बघत राहिली. एके दुपारी चौघांची एक खोली रिकामी दिसली, तेव्हा ती चक्क ओरडली. गोदाम सांभाळणारा हैदराबादचा अशरफ धावत आला.

“क्या हुआ मॅडम? आग लगी क्या?”

“कमरा मिल गया, अशरफभाई!”

त्यानं स्क्रीनवरचे लाल सुळके नीट निरखले. “इत्ता दूर? पत्थर देखने?” असं म्हणून तो मान हलवत गेला.

याच अशरफनं मे महिन्यात तिला डॉक्टरकडे नेलं होतं. ती डाव्या बाजूला ठेवलेल्या ट्रॉलीवर आदळली होती, आणि ती काही पहिलीच वेळ नव्हती. “मॅडम, आपको बाजू का दिखता नहीं,” असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती, उजव्याची जायला लागली होती. गेलेली नजर परत येत नाही. औषधानं उरलेली टिकवायची, जितकी टिकेल तितकी.

हे तिनं घरी सांगितलं नाही. राजनला ती पुरती ओळखून होती. सांगितलं असतं तर त्यानं तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं, मग तिसऱ्या, मग पुण्याला, आणि सगळ्यात आधी प्रवास रद्द केला असता. थेंब ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि पर्समध्ये ठेवायची. एकदा ते सगळं डोळे भरून पाहून येऊ, मग सांगू, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. अमेरिकेचा व्हिसा झाला, तिकिटं झाली. चालायचे बूट आणले. ते पायात रुळावेत म्हणून ती संध्याकाळी ते घालून समुद्राकाठी फेऱ्या मारायची.

सप्टेंबरच्या अखेरीस ती एक दिवस ऑफिसातून घरी आली, तर राजननं दार उघडता उघडताच बातमी सांगितली.

“अगं, आजी होणार तू! क्षितिजाचा फोन आला होता. एप्रिलची तारीख आहे.”

सुचित्राला दारातच रडू आलं. तिनं देवापुढं साखर ठेवली, लेकीला फोन लावला. उलट्या होतात का, काय खावंसं वाटतं, सगळं विचारलं. क्षितिजा भरभर बोलत होती.

“आई, आय अ‍ॅम सो हॅपी. आणि थँक यू हं, तू एवढं समजून घेतलंस. प्रसादला पण खूप रिलीफ वाटला.”

“कशाबद्दल गं?”

“बाबा बोलले नाहीत तुझ्याशी? ऑक्टोबरचं?”

सुचित्रानं राजनकडे पाहिलं. तो टीव्हीचा आवाज कमी करत होता.

“बोलतील,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

“मी सांगणारच होतो,” राजन म्हणाला. “प्रसादच्या आईवडलांचा व्हिसा अचानक झाला. ऑक्टोबरअखेरपर्यंतच आहेत ते. गाडीत जागा चौघांची, खोली चौघांची. क्षितिजा बिचारी कानकोंडी झाली होती. मीच म्हटलं, आधी तुझ्या सासूसासऱ्यांना ने. त्यांनी कधी वाळवंट पाहिलेलं नाही. आम्ही काय, वाळवंटातच राहतो.”

“मला विचारलंत?”

“यात विचारायचं काय? एप्रिलमध्ये तुला बाळंतपणाला जायचंच आहे. वर्षात दोनदा रजा कोण देणार? तिकिटं पुढं ढकलली मी आजच. तेव्हा बघू तुझे दगड.”

“तान्ह्या बाळाला घेऊन?”

“अगं, मग पुढच्या वर्षी. ती दरी काय पळून जातेय? लाखो वर्षं आहे तिथंच.”

सगळंच बरोबर होतं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तिला आनंद झाला नव्हता असंही नाही. पण लेकीच्या बाळाची बातमी आणि हे, दोन्ही एकाच ताटात वाढून आलं होतं, आणि एकाला हात लावला की दुसऱ्यानं बरबटत होता.

“दरी नाही पळत,” ती म्हणाली. “माझे डोळे चाललेत.”

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्याच, ट्रॉलीपासून थेंबांपर्यंत सगळं. राजनचा चेहरा उतरला. तो खुर्चीवर बसला, पुन्हा उठला. त्यानं तिच्या डाव्या बाजूला हात धरून बोटं हलवली. “हे दिसतं? हे?” तिनं मान हलवून ‘नाही’ म्हटलं.

“मे महिन्यापासून? आणि मला आत्ता सांगतेस? त्या अशरफला माहीत आणि मला नाही?” त्याचा आवाज चढला, मग फाटला. “आधी सांगायचं ना, सुचित्रा!”

“सांगितलं असतं तर नेलं असतंत?”

तो तिचा हात हातात घेऊन बसला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते तिला दिसत होतं. तो आता तिच्यासाठी काही तरी करेल, असं तिला क्षणभर वाटलंही.

“एका अर्थी बरंच झालं,” तो शेवटी म्हणाला. “दरीच्या कड्यावर, अशा नजरेनं... पाऊल चुकलं असतं म्हणजे? देवानंच वाचवलं म्हणायचं.”

तिनं हात सोडवून घेतला.

“आणि हे बघ,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “क्षितिजाला एवढ्यात बोलू नकोस. अशा दिवसांत तिला टेन्शन नको.”

खोलीची पावती, बसच्या वेळा, वाटांचे नकाशे, सगळं तिनं दुसऱ्या दिवशी लेकीला पाठवून दिलं. कानटोप्या न्यायला विसरू नकोस, असंही लिहिलं. लेकीनं बदामाचं चिन्ह पाठवलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, इकडे ऊन कलत असताना, व्हिडिओ कॉल आला. तिकडे उजाडत होतं. पडद्यावर विहीणबाईंचा, सुनंदाताईंचा चेहरा होता. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाक लाल झालेलं.

“सुचित्राताई, तुमच्याच कृपेनं हो हे सगळं! काय खोली शोधलीत! पण थंडी बाई, बोटं गळायची वेळ आलीय. क्षितिजानं पहाटे उठवून आणलं आम्हाला.”

“तिची तब्येत?”

“मजेत आहे. ती काय, फोटो काढतेय. हे तर गाडीतच बसलेत. खरं सांगू? दोन मिनिटं बरं वाटतं, मग जिकडं बघावं तिकडं तेच ते. तुम्हाला काय, रोजचंच असेल म्हणा!”

राजन सोफ्यावरून म्हणाला, “नमस्कार सांग.”

सुचित्रानं नमस्कार सांगितला. पडदा सगळा त्या चेहऱ्यानं भरला होता. फक्त त्यांच्या खांद्यामागं बोटभर रुंदीची एक लाल पट्टी दिसत होती, आणि तिच्यावर आत्ता कुठं ऊन पडत होतं. सुचित्रा फोन उजव्या डोळ्याजवळ नेत म्हणाली,

“सुनंदाताई, जरा बाजूला होता का?”

“अं? काय म्हणालात?”

“जरा बाजूला... मागचं दिसू दे.”

“आवाज तुटतोय हो तुमचा! थांबा, क्षितिजालाच—” आणि चित्र गोठलं. तोंड अर्धं उघडं, हात फोनकडे आलेला, आणि खांद्यामागं ती लाल पट्टी.

“गेलं नेटवर्क?” राजन म्हणाला. “करतील पुन्हा. चहा टाकतेस?”

“टाकते,” ती म्हणाली, पण उठली नाही. तिनं एक डोळा हातानं झाकून घेतला आणि दुसरा त्या बोटभर दगडावर लावून ती बसून राहिली. काही वेळानं फोन आपोआप बंद झाला, आणि त्याच्या काळ्या काचेत खिडकीतलं सपाट, पिवळट आभाळ दिसू लागलं.