मागच्या आट्याची खूण

जागृतीनं लाकडी पेटी-कॅमेऱ्याच्या तोंडावर लेन्स फिरवून घट्ट केली, तसे समोर खुर्चीत बसलेले ताराचंद पुढे वाकले. आर्वीत चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस. जुन्या फोटोग्राफरांचे फोटो काढते म्हणून आलेल्या या पोरीला त्यांनी कौतुकानंच अंगणात बसू दिलं होतं.

"ही तं एन्लार्जरची लेन्स. कागदावर फोटो मोठा कराची. हिनं कोणी फोटो काढते का?"

"काढता येते, काका. एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स परवडत नाई. हिले शटर नाई, म्हणून हे." तिनं औषधाच्या डबीचं झाकण दाखवलं. "काढलं, चार सेकंद मोजले, लावलं."

"आणली कुठून?"

"बाबाच्या पेटीतून. सिंदीच्या धर्मेंद्रची पोरगी न मी."

झालं! ताराचंदांच्या मस्तकात तिडीक गेली. धर्मेंद्र सहा वर्षं त्यांच्या डार्करूममध्ये होता. तीस वर्षांपूर्वी तो काम सोडून गेला त्याच दिवशी एन्लार्जरची लेन्स गायब. चोर दुसरा कोण असणार? ताराचंदांनी बसस्टँडपासून बाजारापर्यंत सगळ्यांना तेच सांगितलं होतं, अजूनही सांगत. आणि आता त्याची पोरगी तीच लेन्स घेऊन दारात. हिंमत तरी पाहा!

"खोल ते. मले मागून पाह्यची आहे."

त्यांच्या लेन्सला खूण होती. एकदा घाईत पकडीनं आवळताना मागच्या आट्याची कड तुटली होती. तेव्हा शेजारी धर्मेंद्रच उभा होता.

जागृतीनं काही न विचारता लेन्स काढून त्यांच्या हातात दिली.

"बाबानं सांगतलंच होतं. म्हणे, ते मागून पाहतील. पाहू देजो."

ताराचंदांनी नखानं आटे चाचपले. एक फेरा, दोन फेरे. उन्हात जाऊन पुन्हा पाहिलं. कड अख्खी होती, साधा ओरखडाही नव्हता. ही त्यांची लेन्स नव्हतीच. तीस वर्षं!

"ही... कवा घेतली त्यानं?"

"तुमच्याकडं असतानाच, नागपूरहून. सोताचा स्टुडिओ टाकला होता न. पण कोणी फोटो काढाले आलंच नाई म्हणे. मग कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले लागले."

"काऊन नाई आलं?"

"ते नाई सांगत."

तिनं लेन्स परत बसवली. "आता हलू नका, काका."

गिऱ्हाईक जरा हललं की ताराचंद त्याची खरडपट्टी काढत, हे साऱ्या आर्वीला ठाऊक होतं. झाकण निघालं. गुडघ्यावरचा त्यांचा हात ऐकेना. मग हनुवटीही.

झाकण लावून जागृती हळूच म्हणाली, "तुम्ही हलले न, काका. दुसरा काढते. बाबा अंथरुणावर आहे, फोटोची वाट पाहून राह्यले."

"नको," ताराचंद म्हणाले. "हाच दाखवजो त्याले. सांगजो, ताराचंद हलला."