सोनेरी झाकणाची बाटली

वर्षाखेरच्या सुट्टीत सगळ्या कुटुंबाने एका घरी जमायचं आणि सोनेरी झाकणाची बाटली उघडायची, हे कुणी आणि कधी ठरवलं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. दुधाचं, मसाल्याचं, गोडमिट्ट असं ते पेय. वर्षभर कुणाला त्याची आठवण यायची नाही. पण त्या दिवशी बाटली टेबलावर नसली, तर यजमानाचं दिवाळं निघालं असंच सगळे धरून चालत.

दोन सुनांच्या घरी आलटूनपालटून येणारी पाळी यंदा धाकटीची होती आणि दिवाळं खरोखरच निघायच्या बेतात होतं. नवऱ्याचं झेरॉक्सचं छोटं दुकान. समोर मोठं, एसी लावलेलं दुकान आल्यापासून त्याच्या मशीनवर धूळ बसू लागली होती. नातेवाइकांना याचा पत्ता नाही, असं धाकटीला वाटत होतं. मग थोरल्या जावेचा फोन आला.

"अगं, यंदा बाटली आम्हीच आणू का? तुम्ही उगाच ओढाताण करू नका. आपल्या आपल्यात कसली लाज?"

म्हणजे गावभर सांगून झालं आहे, हे धाकटीला बरोबर कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"छे हो ताई, आणून ठेवलीय सुद्धा," ती म्हणाली.

घरात होती ती गेल्या वर्षीची रिकामी बाटली. थोरलीच्या घरून निघताना तिने ती तेलाला म्हणून मागितली होती, आणि थोरलीने सगळ्यांच्या देखत, "ने बाई ने, काटकसरीचा संसार तुझा," म्हणत हातात ठेवली होती. त्या वाक्यामुळेच धाकटीने तीत तेल घातलं नव्हतं. बाटली माळ्यावर कोरीच राहिली, लेबलावरच्या लाल घंटेसकट.

आता पेय घरी करायचं होतं. पहिल्या खेपेला तिने संत्र्याची साल दुधात उकळली आणि दूध फाटलं. दुसऱ्या खेपेला साखर करपली. बिघडलेलं सगळं नवऱ्याच्या पोटात गेलं. बिचारा दुकानात बसून वेलचीचे ढेकर देत होता. शेवटी साखर तांबूस होईपर्यंत भाजून, दुधात कॉर्नफ्लॉवर लावून, वर दालचिनी, जायफळ आणि चमचाभर कॉफी घातल्यावर त्याने घोट घेतला आणि पेला पुन्हा पुढे केला. धाकटीला ते प्रमाणपत्र पुरेसं होतं.

"पण कुणी विचारलं तर?" तो म्हणाला. स्वतःचं सोडा, बायको खोटं बोलली तरी त्याचे कान लाल व्हायचे.

"तुम्ही कानटोपी घाला आणि गप्प बसा."

ठरल्या दिवशी मंडळी जमली. मधल्या खुर्चीत आत्या बसल्या. या नवऱ्याच्या आत्या. चवीतलं त्यांना फार कळतं, असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. धाकटीने घंटावाली बाटली रुमालात गुंडाळून आणली आणि पेले भरले. आत्यांनी डोळे मिटले.

"हं! विकतचं ते विकतचं. घरी जन्मात जमायचं नाही हे."

धाकटीला हायसं वाटलं. पण थोरलीला राहवेना. तिने पिशवीतून दुसरी सोनेरी झाकणाची बाटली काढली. "मीही आणली होती हो. म्हटलं, कमी पडली तर!"

दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. धाकटीच्या बाटलीवर घंटा होती. थोरलीच्या बाटलीवर चांदणी. कंपनीने या वर्षी चित्र बदललं होतं. पण वर्षातून एकदा, तेही दुसऱ्याच्या पैशाने पिणाऱ्यांना ते कुठून कळणार?

आत्यांनी चांदणीवालीतला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पाणचट. हे घरी केलंय."

"आत्याबाई, सीलबंद आहे! तुमच्यासमोर फोडली मी!"

"सील काय, हल्ली मशीनवर कुणीही मारतं."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेल्यात पाहत होता. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसू दाबलं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर ज्या क्षणाची स्वप्नं पाहिली तो क्षण धाकटीसमोर ताटात वाढून आला होता, आणि तिला तो गिळवेना. चारचौघांत असं उभं राहणं कसं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"आत्याबाई, घरी केलेलं माझं आहे," ती एका दमात म्हणाली. "ताईंची बाटली खरी आहे. माझी जुनी, भरलेली."

आत्यांनी तिला जवळ ओढलं. "बघा रे, जावेची लाज राखायला पोर स्वतःवर आळ घेतेय! केवढं मन म्हणायचं हे!"

"अहो, खरंच..." धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने कानटोपी काढली. कानांवर लालीचा मागमूस नव्हता. पण ती साक्ष वाचणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

ती स्वयंपाकघरात पेले विसळायला गेली. मागोमाग थोरली आली आणि दार लोटून घेतलं.

"माझी खरी आहे हे मला तरी ठाऊक आहे ना," ती म्हणाली. "तेलाला नेलेली तीच का ही?"

धाकटीने मान हलवली.

थोरलीने एक न विसळलेला पेला उचलून तळाचा थेंब चाखला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जायफळ किती घातलंस?"

"अर्धं. किसून."

"ह्यांची नोकरी गेलीय गं. दिवाळीचा बोनस सोड, पगारच नाही. ही बाटली कशी आणली ते मला विचारू नकोस. पुढच्या वर्षी पाळी माझी." तिने घंटावाली बाटली उचलली. "ही मी नेते."

ती दारातून बाहेर पडताना आत्यांनी हटकलंच. "रिकामी बाटली कशाला गं?"

थोरलीने बाटली पाठीमागे धरली. सगळे बघू लागले. धाकटीच्या जिभेवर वर्षभर जपलेलं वाक्य आलं, काटकसरीच्या संसाराचं, शब्दन् शब्द.

"माझीच आहे ती आत्याबाई," ती म्हणाली. "तेलाला हवी होती. ताई जरा स्वच्छ धुऊन आणून देणार आहेत."

कोपऱ्यात झेरॉक्सवाल्याने घाईघाईने कानटोपी चढवली.