बांबू फुलण्याआधीचा जन्म

भैयाजीने अंगणात पाय टाकला आणि बुधरी हातातल्या सुपासकट भिंतीकडे तोंड करून बसली. आत्ताच कुंपणापलीकडून त्याने तिचं खदखदून हसणं ऐकलं होतं. त्याने वही काढून टाचण केलं : ‘स्त्रिया अत्यंत गंभीर प्रकृतीच्या.’ हेच टाचण त्याने कालही केलं होतं आणि परवाही.

नागपूरच्या कॉलेजात मानववंशशास्त्र शिकणारा भैयाजी आलापल्लीपासून चार कोसांवरच्या या माडिया गोंडांच्या गावात प्रबंधासाठी येऊन राहिला होता. विषय सरांनीच दिलेला : थट्टेची नाती. कोणत्या नात्यात कोण कोणाची थट्टा करतं, ते टिपायचं. तीन आठवड्यांत गावाने त्याला आंबील दिली, निजायला ओसरी दिली. थट्टा तेवढी दिली नाही. त्याने तसं सरांना कळवलं. उलट टपाली कार्ड आलं : ‘त्या भागात थट्टाच नाही, हे वाचून करमणूक झाली. शनिवारपर्यंत उदाहरणे न मिळाल्यास परत यावे. वडिलांचे दुकान आहेच.’

कार्ड खिशात घालून तो यजमानांपुढे बसला. बुधरीचा नवरा सुकलू जंगल खात्याच्या कामावर जाऊन जाऊन मराठी शिकलेला होता. तो खाटेची दोरी आवळत होता.

“सुकलूभाऊ, बुधरीबाई माझ्याशी बोलत काऊन नाही?”

“कशी बोलंन? नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं बाई तोंड उघडते का?”

“मोठा? मी?”

“पयल्याच दिवशी तुले इचारलं. बांबू फुलला त्याच्या आदीचा का मांगचा? मी त्याच सालचा. तू म्हनला, आदीचा.”

म्हणाला होता खरा. जंगलातला बांबू माणसाच्या आयुष्यात एकदा फुलतो आणि गाव त्यावरून वय धरतं, एवढं भैयाजीने वाचलेलं होतं. वडीलधारं ठरलो तर मान मिळेल, मानाबरोबर माहिती मिळेल, असं त्याला वाटलं होतं. मिशीसुद्धा त्याने त्याच हेतूने राखली होती.

“आणि धाकटा असतो तर?”

“देवराले कोन सोडते?”

भैयाजीने घसा साफ केला. “भाऊ, मी खोटं बोललो. मी तेवीस वर्षांचा आहे. बांबू फुलला तेव्हा माझ्या बापाचं लग्नही झालं नव्हतं.”

सुकलूचा हात दोरीवर थांबला. त्याने भिंतीच्या दिशेने गोंडीत चार शब्द टाकले. बुधरी हळूहळू वळली. तिने पहिल्यांदाच भैयाजीकडे समोरून पाहिलं, विशेषतः मिशीकडे.

“एकवीस दिवस!” ती चक्क मराठीत म्हणाली. “एकवीस दिवस पोटात दाबून ठेवलं मी!”

आणि शेजारच्या भोपळ्याच्या तुंब्यातलं सगळं पाणी तिने त्याच्या डोक्यावर ओतलं.

“सुरवंट बसला का रे ओठावर? सोमारी, मंगली, या वं! देवर हाये हा! बकरी शिंकली तरी लिवते! परवा नाल्यात पडला तं आधी वही वर धरली, मंग नाक!”

दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या वहिन्या जमल्या. सोमारीने त्याचा चष्मा बैलाला लावून पाहिला. मंगलीने त्याच्या मिशीला राख फासली. भैयाजी भिजलेल्या वहीत भराभरा लिहीत सुटला. उदाहरणं बावीस भरली. सगळ्यांत थट्टेचा विषय एकच असल्याने त्याने शास्त्रीय भाषेत ‘परगावचा एक दीर’ असं लिहिलं.

संध्याकाळी सुकलू शेजारी येऊन बसला.

“लिवलं सारं?”

“सारं.”

“मंग हे बी लिव. आता तू धाकटा. मले काई झालं तं बुधरी तुयी. दोन पोरं तुयी, तो लंगडा बैल बी तुया. रीत हाये आमची.”

भैयाजीने बुधरीकडे पाहिलं. ती सुपात मोहाची फुलं निवडत होती. ती हसत नव्हती.

“ही थट्टाच ना, भाऊ?”

सुकलूने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला खोकला आला. चांगला लांबलचक.

भैयाजीची पेन्सिल कागदावर टेकून तशीच राहिली.

प्रबंध पास झाला. बाविसाव्या उदाहरणावर सरांनी ‘उत्तम’ असा शेरा मारला. तेविसावं उदाहरण त्यात नव्हतं. मात्र त्या वर्षापासून दर दिवाळीच्या आधी आलापल्लीच्या पोस्टात नागपूरहून एक पार्सल येऊ लागलं. आत खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आणि वर ठळक अक्षरांत : ‘थोरले बंधू सुकलू यांस’.