चार मासे, एक काठी

सात फूट उंची, मधोमध जोडलेले दोन तुकडे, कॉर्कची मूठ आणि मुठीपुढे बसवलेलं मध्यम आकाराचं रीळ: असा माझा संसार. मी गळाची काठी बोलतेय. फार मोठ्या घराण्यातली नाही, हे आधीच सांगते.

काचेच्या तंतूंचं कापड लोखंडी सळईभोवती घट्ट गुंडाळून मला भट्टीत भाजलं. मग सळई ओढून काढली, आणि आतून पोकळ, बाहेरून चिवट अशी मी उरले. एका बाईनं माझ्या अंगावर दोरीसाठी सात कड्या धाग्यानं बांधल्या. तिचं काम चोख होतं. बाकीच्या गोष्टी बिघडल्या, पण तिची एकही गाठ आजवर सुटलेली नाही.

दुकानात मी दोन वर्षं उभी होते. माझ्या एका बाजूला बारीक, नाजूक काठ्या. त्या लहान माशांसाठी. दुसऱ्या बाजूला जाडजूड, महागड्या, त्या मोठ्यांसाठी. मी मधली. शेंडा मऊ, बुंधा कणखर. गिऱ्हाईक मला उचलायचं, हलवून बघायचं आणि शेजारणीला घेऊन जायचं. "ही धड इकडची नाही, धड तिकडची नाही," असं दुकानदारच सांगायचा. आपलाच माणूस आपल्याबद्दल असं बोलायला लागला, की मान खाली जाते.

एके दिवशी ती आली. डावा हात दाराच्या कडेला, उजवा पोटाशी दुमडलेला, तोंडाची एक बाजू किंचित ओघळलेली. मागे तिचा नवरा, सारखे हात पुढे करून. जणू ती आत्ता पडेल आणि तो झेलेल.

ती सव्वीस वर्षं बस चालवत होती. डेपोत सगळे तिला कॅप्टन म्हणायचे. सात महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय काठीच्या आधारानं चालायला लागला. हात मात्र रुसलेलाच. नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं, गल्लीत त्याला सलूनवाले म्हणूनच ओळखत. त्याला मासेमारीतलं काही कळायचं नाही आणि माशांच्या वासानं त्याला मळमळायचं.

दुकानदारानं चार काठ्या काउंटरवर मांडल्या. "चिलापीला ही, मागूरला ही, रोहूला ही दणकट, आणि मरळीला ही. सेट घेतलात तर..."

"चार काठ्या उचलायला दोन धड हात लागतात," कॅप्टन म्हणाली. "माझ्याकडे दीड आहे. एक द्या. चौघांनाही चालेल अशी. आणि खिसा फाटणार नाही अशी."

"एकच काठी सगळ्यांना? तशी नसते हो, ताई."

ती भिंतीकडच्या रांगेकडे वळली. एकेक काठी हातात घेऊ लागली. मूठ बोटावर तोलून बघायची, मग शेंडा जमिनीवर टेकवून दाबायचा. नाजूक काठी पार मुठीपर्यंत वाकली. जाडी वाकेचना. माझ्यावर हात पडला, तेव्हा माझा शेंडा आधी वाकला आणि अर्ध्यावर आल्यावर मी नेट धरला. तिनं आणखी दाबलं. मी आणखी नेट धरला. दोन वर्षांत कुणी मला एवढा वेळ दिला नव्हता.

"हिच्या रिळाचा दांडा डावीकडे लावता येतो?"

दुकानदारानं स्क्रू काढून दांडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला लावला. तिनं डाव्या हातानं तो फिरवला. रीळ गुळगुळीत फिरलं.

"हीच."

"ही कुठल्याच माशाची खास नाही बरं का," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच."

मला वाटलं, आता रोज पाणी. पण घरी गेल्यावर कळलं की घरात वेगळंच पाणी पेटलंय. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. आईबाबांनी तिसऱ्या मजल्यावरचं हे घर आणि सलून सोडून कायमचं आपल्याकडे यावं, असा त्याचा आग्रह होता. सलूनवाल्यांनाही ते पटत होतं.

"अगं, तू एकटी जिना उतरतेस तेव्हा माझ्या हातातला वस्तरा थरथरतो. गिऱ्हाइकाचा कान जायचा एखाद दिवशी."

"तिकडे जाऊन मी काय करू? खिडकीत बसून गाड्या मोजू?"

"आराम कर."

"आराम म्हातारपणी करेन. अहो, मी बावन्नची आहे."

बरंच ताणल्यावर तडजोड झाली. तलावाला दगडी पायऱ्या होत्या. उन्हाळ्यात पाणी उतरायचं, तशी एकेक पायरी उघडी पडायची. शेवटची पायरी उघडी पडायच्या आत कॅप्टननं एकटीनं जिना उतरायचा, तलावावर जायचं आणि याच काठीवर चारही जातींचे मासे काढायचे. कुणाचीही मदत नाही. जमलं तर इथंच राहायचं. नाही जमलं तर मुलाकडे. तिनं हे कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं, नवऱ्याची सही घेतली आणि डाव्या हातानं आपलीही वेडीवाकडी केली.

पहिले नऊ दिवस आमची फजिती झाली. डाव्या हातानं तिनं मला फेकलं की गळ झाडात जाई, कुंपणात अडके. एकदा तर तिच्याच टोपीत. गळ बांधायला ती दोन गुडघ्यांत बुचाचा तुकडा धरायची, गळ त्यात टोचायची आणि दोरीचं टोक दातांनी ओढायची. एकेका गाठीला पाव तास लागायचा. मूठ उजव्या काखेत दाबून डाव्या हातानं रीळ फिरवायचं, तर माझा बुंधा सटकायचा आणि बरगडीत बसायचा. संध्याकाळी ती निळे डाग नवऱ्यापासून लपवायची.

त्यांना दिसलेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तऱ्याला धार लावायचा जुना चामडी पट्टा आणून ठेवला. त्याला मध्ये शिवलेला एक खिसा होता, नेमका माझ्या बुंध्याएवढा.

"मदत नाही चालायची," ती म्हणाली.

"मदत कसली? दुकानातला कचरा आहे. टाकून दे हवं तर."

तिनं तो कमरेला बांधला. माझा बुंधा त्यात बसला आणि आमची जोडी जमली.

दहाव्या दिवशी चिलापी लागली. तळहाताएवढी. गळावरची कणकेची गोळी त्या माशानं इतकी हलके कुरतडली की जाड काठीला ते कळलंही नसतं; माझ्या मऊ शेंड्याला कळलं. कॅप्टन मोठ्यानं हसली. पुढच्या पंधरवड्यात, एका ढगाळ सकाळी, शिसं लावून तळाशी सोडलेल्या गांडुळावर मागूर आला. मग रोहू. त्यानं रिळातून दोरी अशी ओढली की माझं सगळं अंग कमानीसारखं झालं. ती तोंडानं पुटपुटत होती, "घाट आहे, कॅप्टन. घाई नको. गिअर खाली घे." वीस मिनिटांनी रोहू काठावर होता. त्याला पाण्यात परत सोडताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

राहिली मरळ. ती पाणवनस्पतींत दडून बसते आणि तिचा स्वभाव वाईट. रोज आमिषाचा रबरी बेडूक फेकायचा, रोज रिकामं परतायचं. पाणी उतरत होतं. शेवटून तिसरी पायरी उघडी पडली. मग दुसरी.

शेवटच्या पायरीवर जेमतेम नखभर पाणी उरलं, त्या दिवशी सलूनवाले दुकान बंद करून तलावावर आले. पॉलिश केलेले बूट घालून, नाकाला रुमाल लावून. सकाळी अकराच्या सुमारास मरळीनं बेडकावर झडप घातली.

"आली!" ते ओरडले आणि धावले.

"हात लावू नका!"

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मरळ वनस्पतींत घुसू पाहत होती. मी बुंध्यापर्यंत वाकले होते. आतले तंतू करकरत होते. तुटेन असं वाटलं, पण सोडायचं नाही असं ठरवलं. कॅप्टनच्या दंडाच्या शिरा फुगल्या. इंचाइंचानं मरळ पायरीपर्यंत आली, तिच्या पावलांशी वळवळली, तोंड उघडलं आणि गळ थुंकून निघून गेली.

कॅप्टननं सैल दोरी गुंडाळून घेतली.

"काठावर आली होती," सलूनवाले म्हणाले. "मी ती जमेस धरतो."

"मी नाही धरत. हातात आली नाही." ती पायरीवर बसली. ओल्या दगडावरून पाणी मागे सरकलं होतं. शेवटची पायरी उघडी होती. "हरले मी. मुलाला फोन करा."

सलूनवाल्यांनी फोन काढला नाही. त्यांनी मला तिच्या पट्ट्यातून उपसलं आणि बुटांसकट पाण्यात उतरले. गुडघाभर चिखल. माझ्या बुंध्यानं ते तळ चाचपायला लागले. टक् असा आवाज झाला.

"कॅप्टन!" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, त्यांनी तिला या नावानं कधी हाक मारली नव्हती. "ही शेवटची नाही! गाळाखाली अजून एक पायरी आहे."

"अहो, ही लबाडी आहे."

"लबाडी कसली? सही आहे माझी. शेवटची पायरी म्हणजे शेवटची पायरी."

गाळाखाली दगड लागला, हे खरं. पायरी होती की नुसताच धोंडा, ते फक्त मला ठाऊक आहे आणि मी ते कुणाला सांगणार नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. पॉलिशचे बूट चिखलात, विजार मांडीपर्यंत भिजलेली, नाकावरचा रुमाल पाण्यावर तरंगतोय. मग तिला हसू फुटलं. चेहऱ्याची अर्धीच बाजू हसली, पण ते हसू दोन चेहऱ्यांना पुरेल एवढं होतं.

मरळ निघाली ती आठ दिवसांनी. या वेळी कॅप्टननं तिला स्वतःच्या हातानं धरलं, गळ काढला आणि सोडून दिलं. काठावर कुणी नव्हतं. मी होते.

त्याला चार वर्षं झाली; मुक्काम अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. कॉर्कची मूठ घामानं काळी पडलीय. सलूनच्या दारात सापडून माझा शेंडा तुटला होता. सलूनवाल्यांनी केसांना लावावी तशी निगुतीनं कात्री लावून तो सरळ केला, टोकाला नवी कडी बसवली. आता मी चार बोटं ठेंगणी आहे. कॅप्टनचा उजवा हात पूर्ण उघडत नाही, उघडणारही नाही म्हणतात. त्या हाताची दोन बोटं मात्र आता दोरी धरून ठेवतात. तेवढ्यावर भागतं.

तुमच्याही घरात कपाटावर एखादी काठी पडली असेल. कुठल्याच माशाची खास नाही म्हणून, किंवा हात पूर्वीसारखा राहिला नाही म्हणून. तिच्यावरची धूळ पुसा आणि तिला पाण्यावर न्या. हात थरथरतो म्हणून लाजू नका. आम्ही काठ्या थरथरतो तेव्हाच तर कामावर असतो.