सून माहेरी गेलीया

शिवाजी पेठेतल्या तानाबाई रोज संध्याकाळी म्हैस घेऊन दुधाच्या कट्ट्यावर यायच्या. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची, ही कोल्हापूरची जुनी रीत. त्यांच्या हातचा फेसाळ पेला रिचवायला तालमीतली पोरं ताटकळत उभी राहायची.

मग तानाबाईंच्या दंडावरच्या बधिर चट्ट्याला डॉक्टरांनी कुष्ठरोग ठरवलं. या रोगाची सरकारदरबारी नोंद आता बंधनकारक. घरच्यांची तपासणी व्हावी, त्यांना वेळीच औषध मिळावं, हा चांगलाच हेतू. पण आरोग्य खात्याची गाडी बोळात थांबली आणि पेठेत ‘महारोग’ हा एकच शब्द फिरला. औषध सुरू झाल्यावर लागण होत नाही, दुधातून तर नाहीच, हे डॉक्टरांनी घसा कोरडा करून सांगितलं. ऐकतो कोण? तानाबाईंची म्हैस भरल्या कासेनं उभी आणि गिऱ्हाईक शेजारच्या म्हशीपाशी.

घरच्यांची नोंद घ्यायला आलेल्या आरोग्यसेविका आशाताईंनी दारात विचारलं, "घरात आनी कोण असतंय?"

"मी आन् माझा ल्योक सम्राट. सून, नात माहेरी गेल्यात, शिरोळला."

सून क्रांती आत भांडी घासत होती. तिचं नाव तरी या भानगडीत नको, एवढाच त्या माउलीचा विचार. तिथंच घात झाला; सून आणि नात दोघी तपासणीतून सुटल्या.

औषध पुरं करून तानाबाई बऱ्या झाल्या. एका सकाळी क्रांती भाकरी भाजत असताना करपल्याचा वास आला. तिची करंगळी तव्याला टेकली होती आणि ती लेकीशी निवांत बोलत होती. तानाबाई धावत आल्या.

"क्रांते, हात काढ की! कवापासनं हाय हे?"

"दिवाळीपासनं."

"ऊठ, दवाखान्यात जाऊ. मी बरी झाले न्हवं?"

"बऱ्या झालासा, पर तुमच्या हातचं दूध कोण पितंय, आत्ती? माझी मोना शाळत जाती. तिच्याशेजारी कोण बसंल?"

सम्राटही बायकोच्याच बाजूनं. तानाबाई एकट्याच दवाखान्यात जाऊन खरं सांगून आल्या. आशाताई घरी आल्या, तर क्रांतीनं मूठ पदरात झाकली. "मला काय बी झाल्यालं न्हाय," म्हणाली आणि दार लावलं. त्या दिवसापासून ती सासूशी बोलेनाशी झाली.

आता तिची दोन बोटं वाकली आहेत. हे सगळं वेळच्या गोळ्यांनी टळलं असतं, याची चीड येते.

परवा नातीला न्हाऊ घालताना तानाबाईंना तिच्या पाठीवर फिकट चट्टा दिसला. त्यांनी तिथं बोटानं चिमटा काढला. मोना हसतच राहिली.

तानाबाईंनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि वाचकहो, सांगावं तरी कुणाच्या भरवशावर? तुमच्या?