हरलेल्या मतांचा गठ्ठा

मित्रांनो, मी पत्र्याची जुनी मतपेटी आहे. पत्रे ठोकणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं, डोक्यावर चीर पाडली आणि मी नगरपालिकेची झाले.

गावात नऊ वॉर्ड. प्रत्येक वॉर्डात ज्याला जास्त मतं, तो एकटा निवडून यायचा. धुणं-इस्त्री करणारी माणसं सगळ्या वॉर्डांत विखुरलेली. दर तीन मतांत एक त्यांचं, पण नऊ खुर्च्यांत त्यांची एकही नाही. वॉर्डाचा निकाल लागला की हरलेल्या चिठ्ठ्या शिपाई शेगडीत घालायचा आणि त्यावर मोजणीच्या साहेबांचा चहा उकळायचा. लोक म्हणायचे, पेटी मोठी मजबूत! मला मात्र लाज वाटायची.

इस्त्रीवाल्याच्या बायकोने हे बदलायचं मनावर घेतलं. "जितकी मतं, तितक्या खुर्च्या," एवढंच ती घरोघर सांगायची.

एका दारात शेजारी म्हणाला, "वहिनी, मग कारभार एकाच्या हाती राहायचा नाही!"

"तेच तर हवंय, भाऊजी."

सात वर्षं तिने चपला झिजवल्या. नियम बदलला. पण मतदानाच्या दीड महिना आधी ती गेली.

मोजणीला तिच्या जागी इस्त्रीवाला बसला. पहिला वॉर्ड मोजून झाला. शिपायाने लहान गठ्ठा उचलला आणि शेगडीकडे निघाला. इस्त्रीवाला ताडकन उठला.

"ओ काका, कुठे निघालात?"

"चहा ठेवतो. हरलेलीच आहेत ही."

"हरली नाहीत! नऊही वॉर्डांची बेरीज व्हायचीय."

साहेब वैतागले. "अहो, बसा! एवढ्याशा चिठ्ठ्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"गठ्ठा टेबलावर आला की बसतो."

शिपाई ओशाळला. "चुकलंच. हात आपोआप गेला बघा."

बेरीज झाली. धुणं-इस्त्रीवाल्यांना तीन खुर्च्या मिळाल्या. तो गठ्ठा नसता, तर दोनच मिळाल्या असत्या. बहुमत मात्र कोणालाच नाही. पहिली सभा पाच तास चालली. भांडणं झाली, मग एकमेकांची मनधरणी झाली, आणि कपडे धुण्याच्या जागेवर छप्पर मंजूर झालं.

आता काही जण म्हणतात, जुनीच पद्धत बरी, निर्णय झटपट व्हायचे. तसा ठरावही येतोय. इस्त्रीवाला रोज दुकान बंद करून लोकांची दारं वाजवतो. कोणी तोंडावर दार लावलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, बिजागरी कुरकुरते. रंग नाही दिलात तरी चालेल. पण माझ्यात पडलेल्या एकाही चिठ्ठीला क्षुल्लक समजू नका. ती मोजून होईपर्यंत तिच्यासाठी उभे राहा.