मामाची नवी कोरी मोटार

मामाने मृत्युपत्रात एकच ओळ स्वतःच्या हाताने लिहिली होती: 'होडीची मोटार फौजदाराला.' फौजदार म्हणजे त्याची भाची. लहानपणी घरात आलेली प्रत्येक वस्तू ती उलटी करून बघायची, म्हणून मामाने हे नाव पाडलं आणि तिची पन्नाशी उलटली तरी ते सुटलं नाही. सुटायचं काही कारणही नव्हतं. आता ती शिलाई मशिनी दुरुस्त करायची, आणि दुकानात आलेल्या मशिनीचा नंबर वाचल्याशिवाय तिला तेलाचा थेंबही दाखवायची नाही.

मोटार तशी साधी. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळायची, डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा, की पाण्यातला पंखा फिरायला लागायचा. मामाने तिच्या जिवावर अर्धं आयुष्य तळ्यात काढलं. भेटेल त्याला सांगायचा, "लग्नात बायकोने दिलीय. शिवणाच्या पहिल्या कमाईतून. नवी कोरी!" नवी कोरी म्हणताना छाती अशी फुगायची, की ऐकणाऱ्याला त्याच्या सदऱ्याच्या बटणांची काळजी वाटावी.

तळ्यावरच्या बोट क्लबात पाच वर्षांपूर्वी जुन्या मोटारींची फेरी सुरू झाली. नियम एकच, मोटारीला साठ वर्षं पूर्ण हवीत. मामा पहिल्याच वर्षी अर्ज घेऊन गेला. क्लबाचा सेक्रेटरी म्हणाला, "लग्नाला बावन्न वर्षं ना तुमच्या? आठ कमी पडतात." पुढच्या वर्षी सात कमी पडली, मग सहा. सेक्रेटरी सुतासारखा सरळ माणूस. सख्ख्या भावाची मोटार त्याने दोन महिने कमी म्हणून परत पाठवली होती, तिथे मामाचं काय! मामा प्रत्येक वेळी हसत परत यायचा आणि काठावरच्या बाकावर बसून फेरी संपेपर्यंत टाळ्या वाजवायचा. शेजारी मामी. अशी पाच वर्षं गेली, आणि यंदा टाळ्या वाजवायला मामा उरला नाही.

फौजदाराने ठरवून टाकलं. या वर्षी मोटार फेरीत जाणार आणि होडीत मामी बसणार. नियमाला अजून तीन वर्षं हवी होती, पण मामी ऐंशीला टेकलेली. तीन वर्षं कोणी बघितलीत?

अर्जात मॉडेल, नंबर आणि साल भरायचं होतं. या मोटारींना फळीला आवळायच्या जागी कारखान्याची पितळी पट्टी असते. मामाच्या मोटारीला तिथे नुसती दोन भोकं होती. "पडली असेल कुठेतरी," असं मामा म्हणायचा. पण पडलेलं आणि काढलेलं यातला फरक फौजदाराला कळत नसता तर तिने दुकान कधीच बंद केलं असतं. भोकांमधले आटे धड होते. पट्टी कोणीतरी हलक्या हाताने, स्क्रू फिरवून काढली होती.

तिने सुट्या भागांच्या दुकानातून जुना कॅटलॉग मागून आणला आणि मोटार आपल्या कामाच्या टेबलावर घेतली. सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या, म्हणजे मामाच्या लग्नाच्या सालातल्या सगळ्या मॉडेलांना उलटं जायला दांडी होती आणि दोरी आपली आपण गुंडाळली जायची. इथे दोरी हाताने गुंडाळायची, आणि मागे जायचं तर अख्खी मोटारच फिरवायची. "मामा, तुझी नवरी वयाने मोठी निघतेय रे," ती एकटीच हसत म्हणाली.

आता नंबर हवा होता. कारखानेवाले नंबर कधी एकाच जागी ठेवत नाहीत, हे तिला शिलाई मशिनींनी शिकवलं होतं. कॅटलॉगातही तेच निघालं: सिलिंडरच्या बाजूला नाण्याएवढं बूच ठोकलेलं असतं, त्यावरही नंबर असतो. बूच सापडलं, पण रंगाने बुजलेलं. गंमत अशी, की बाकी सिलिंडरवर रंगाचा एकच पातळ हात होता आणि या बुचावर मात्र जाड थर. तिने पात्याने अलगद उचलला तर थर टिकलीसारखा सबंध निघाला. तो तिने बटणांच्या कागदी पुडीत जपून ठेवला, कारण विचित्र वस्तू फेकायची नाही हाही तिचा नियम होता. खाली नंबर लख्ख होता. कॅटलॉगातल्या यादीशी ताडून बघितला आणि तिने टेबलावर थाप मारली. मोटार पासष्ट वर्षांची!

मग तोच हात जागच्या जागी थांबला. पासष्ट म्हणजे लग्नाच्याही आठ वर्षं आधीची. म्हणजे कुणीतरी मामीच्या गळ्यात जुनी मोटार नवी म्हणून मारली होती. आणि सेक्रेटरी तर फेरीच्या दिवशी प्रत्येक मोटारीचं साल भोंग्यावरून सांगायचा. मामीने हे भोंग्यावरून ऐकावं? छे. फौजदार उठलीच.

मामी खिडकीपाशी मशीन चालवत होती. फौजदाराने सगळं सरळ सांगून टाकलं. गोल गोल बोलणं तिला जमायचंच नाही. मामीचा पाय पायडलवर थांबला.

"गळ्यात कोणी मारली नाही," मामी म्हणाली. "मीच उघड्या डोळ्यांनी घेतली."

तिने बटणांचा डबा उपडा केला. बटणांतून पितळी पट्टी निघाली. फौजदाराने नंबर वाचला, तोच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"पहिल्या कमाईत नवी कुठली यायला? भावाच्या शेडमध्ये नेऊन घासली, हिरवा रंग दिला, पट्टी काढली. ह्यांनी बघितली आणि ओरडले, 'नवी कोरी!' तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलंच नाही गं. मग सगळ्यांना सांगत सुटले. त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगणार होते मी?"

"आणि फेरीचं?"

"तेच तर खातंय मला. पाच वर्षं हे त्या बाकावर बसले आणि मी शेजारी मूग गिळून. एक वाक्य बोलले असते तर होडीत गेले असते ना?" मामीचे डोळे भरून आले होते. "फाड तो अर्ज."

फौजदाराने अर्ज फाडला नाही. तिने खिशातून पुडी काढली.

"मामी, दर वर्षी मोटार कोण उघडायचं?"

"हेच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ."

"मग हे बघ. हे फक्त नंबराच्या बुचावर होतं. बाकी कुठेही नाही." तिने रंगाची टिकली कडेचे थर दिसतील अशी पांढऱ्या कापडावर उभी धरली आणि मामीच्या हातात भिंग दिलं.

मामीने बराच वेळ बघितलं. "खालचा हिरवा माझा," ती म्हणाली. "त्यावर पिवळा..." ती थांबली. "हा तर पाळण्याचा पिवळा! थोरली झाली तेव्हा ह्यांनी पाळणा रंगवला होता. लग्नाचं दुसरं वर्ष." मग स्वयंपाकघराच्या खिडकीचा निळा, दाराचा तपकिरी, धाकटीच्या सायकलचा लाल. घरात जेव्हा जेव्हा रंगाचा डबा उघडला होता, तेव्हा तेव्हा एक थेंब इथे आला होता. असे हिरव्यासकट नऊ थर. सगळ्यात वरचा राखाडी जिन्याच्या कठड्याचा, गेल्याच वर्षीचा.

"म्हणजे ह्यांना माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षापासून. तू लपवलंस एकदा, मामाने आठदा."

"मग दर वर्षी अर्ज घेऊन जायचे कशाला? नाही ऐकायला?"

"तेच ऐकायला! अख्ख्या क्लबासमोर सेक्रेटरी सांगायचा, की तुमच्या बायकोने दिलेली मोटार जुन्यात बसत नाही. आणखी काय हवं होतं मामाला?"

मामी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. "लबाड माणूस," ती म्हणाली. "एवढी वर्षं पत्ता लागू दिला नाही." तिने पदराने चेहरा पुसला. "खरं साल लिही गं. मला होडीत बसायचंय."

फेरीच्या सकाळी सेक्रेटरीने पट्टी बघितली, बूच बघितलं, कॅटलॉग दोनदा ताडला आणि वहीत नंबर लिहून सही ठोकली.

"पासष्ट! काकू, काकांनी हे आधीच दाखवलं असतं, तर पहिल्याच वर्षी बसली असती की हो फेरीत."

मामीने वाकून बुचावरून बोट फिरवलं. "नीट बघून झालं ना?" तिने विचारलं.

"झालं."

मामीने पिशवीतून हिरव्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढला. शिवणाऱ्या बाईचा हात, ऐंशीतही हलला नाही. नंबर पुरता झाकला गेला तेव्हा तिने डबीचं झाकण लावलं.

"अहो काकू, आता कशाला? मी तर नोंद केली!"

"असू दे की तुमच्या वहीत," फौजदाराचा हात धरून होडीत उतरता उतरता मामी म्हणाली. "ह्यांची मोटार नवी आहे."